गल्लीतल्या बास्केटबॉलवर पडेल सिनेमा कसा काढावा

चांगला सिनेमा कसा काढावा हे सांगणारे पैशाला पासरी मिळतात. सिनेमा पद्धतशीर पाडावा कसा, हे शास्त्र मात्र कोणी शिकवत नाही. लातूर-नांदेडकडचा जो होतकरू तरुण पुण्यात दोन वर्षं काढून, उलटी टोपी घालून परतला आहे आणि ‘स्ट्रीट बास्केटबॉल’वर कथा लिहितो आहे, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन. (असा एक आमच्या सासुरवाडीतच आहे. नाव सांगत नाही, दिवाळीला जायचंय.)

आधारग्रंथ म्हणून २००६ सालचा ‘क्रॉसओव्हर’ हा अमेरिकन सिनेमा घ्यावा. डेट्रॉइट शहर, पैशांवर चालणारे चोरटे सामने, दोन जिगरी दोस्त आणि त्यांना नादी लावणारा गोडबोल्या एजंट. पुढे कॅप्टन अमेरिका झालेला अँथनी मॅकी त्यात आहे, तरीही समीक्षकांनी तो धुऊन काढला. त्यातला एक नायक खेळतो झकास, पण त्याला व्हायचं असतं डॉक्टर. डेट्रॉइटमध्ये यावर अख्खा सिनेमा उभा राहतो. लातुरात याला कथा म्हणत नाहीत, बारावी म्हणतात.

तेव्हा क्लासच्या वेळापत्रकालाच खलनायक करण्याचा मोह आवरावा. पहाटे पोरं सिमेंटच्या कोर्टवर येतात, दप्तरं खांबाला टेकवतात, अर्धा तास खेळतात आणि घामेजल्या अंगानं फिजिक्सला पळतात. शालेय स्पर्धांच्या जोरावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून बापच स्कूटरवरून सोडायला येतो. आणि गुण पदरात पडले की तोच बाप बूट माळ्यावर टाकतो. हे सगळं खरं असल्यामुळे सिनेमात घेऊ नये. त्याऐवजी मैदानावर डोळा असलेला एक बिल्डर घ्यावा. त्याला पांढरे बूट द्यावेत.

स्थळदर्शन: नांदेड म्हणजे ड्रोनवरून सचखंड गुरुद्वारा आणि गोदावरीचा घाट. लातूर म्हणजे गंजगोलाई. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथून नायक चेंडू आपटत पळतो आहे असं दाखवावं. प्रत्यक्षात दुसऱ्या टप्प्यालाच चेंडू कोणाच्या तरी भाजीच्या गाड्यावर जाईल आणि खरा सामना तिथं सुरू होईल. तो चित्रित करू नये.

संवाद: दर वाक्याला ‘लई’. लातूरचा माणूस ‘काय करलालास?’ म्हणतो, हे नटाच्या कानावर पडू देऊ नये.

प्रशिक्षक दारुडाच असावा.

आता डंक, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं. हे प्रकरण जरा सविस्तर घेतो, कारण इथं माझी वैयक्तिक हाडं दुखतात. रिंग दहा फुटांवर असते. जाळी तिच्याखाली दीडेक फूट लोंबते. सहा फुटी माणसानं हात सरळ वर केला तर बोटं आठ फुटांच्या आसपास पोचतात, म्हणजे जाळीचं टोकही हाताला लागत नाही. आपला नायक पाच फूट सात इंच. तरी तो उडतो, रिंगला लोंबकळतो, वर हसतोही. यासाठी रिंग गुपचूप खाली आणावी आणि शेजारच्या नटांना वाकून उभं राहायला सांगावं.

साधा ले-अप मात्र चुकूनही दाखवू नये. उजव्या हातानं मारायचा तर आधी उजवं पाऊल, मग डावं, डाव्यावर उडी, आणि बोर्डवरच्या छोट्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला चेंडू हलकेच टेकवायचा. डोळे चौकोनावर, हातावर नाही. तेरा-चौदा वर्षांची पोरगी हे नीट करते तेव्हा काय बघत राहावंसं वाटतं राव! पण त्यात स्लो मोशनला जागा नाही. आणि आपल्याकडच्या कैक रिंगांना जाळीच नसते, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर दहा मिनिटं भांडण. असलं नाट्य फुकट मिळत असताना पटकथाकाराला पैसे कशाला द्यायचे, हा प्रश्न निर्मात्याला पडू देऊ नये.

शेवटची बास्केट दोन सेकंद उरलेले असतानाच पडावी. रस्त्यावरचा खेळ आता ‘थ्री बाय थ्री’ या नावानं टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला आहे: अर्धं कोर्ट, दहा मिनिटं किंवा २१ गुण, शॉटला १२ सेकंद. बास्केट झाली की दुसरा संघ रिंगखालून चेंडू उचलून लगेच कोर्टवर आखलेल्या कमानीबाहेर पळतो. नायक आईकडे बघून डोळे पुसत बसला तर तेवढ्यात दोन गुण खाऊन बसेल. म्हणून नियमपुस्तक सेटवर आणू नये.

‘झुंड’ पाहू नका. नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावरचा नागराज मंजुळेंचा २०२२ चा सिनेमा. अमिताभ बच्चन घेऊनही त्यानं भाव दिला तो वस्तीतल्या पोरांनाच. तिथं पोरं आधी भांडतात, हसतात, मग फुटबॉलला पाय लावतात. त्या सिनेमाच्या लांबीबद्दल माझी कुरबुर आहेच, पण तो पाहिला की हातून नीट पडेल सिनेमा होत नाही.

राहिलं प्रदर्शन. मराठी सिनेमाला बहुधा सकाळचा खेळ मिळेल. तेव्हा लातूरचा सगळा तरुण प्रेक्षक क्लासात असतो. रविवारी तरी येईल म्हणाल, तर रविवारी टेस्ट असते.