शेकरू दिसलं का हो?

"वहिनी, कढीपत्ता खुशाल तोडा, पण जरा थांबा. परवा गुरुवारी यांना सुट्टी होती, म्हणून आमची अख्खी लेन मिनीबस करून भोरगिरीला जाऊन आली. तुम्ही नेमक्या माहेरी!"

"भोरगिरी म्हणजे भीमाशंकरच्या खालचं ना?"

"तेच. श्रावणात तिकडे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आषाढातच उरकलं. अंधारात निघूनही चाकणला तळेगाव चौकात अडकलोच. मागे कंटेनर, पुढे कंपन्यांच्या बसेस. राजगुरुनगरहून वाड्याच्या रस्त्याला लागलो आणि चासकमानचं पाणी दिसलं, तेव्हा कुठे यांनी फोन खिशात ठेवला."

"आणि धबधबे?"

"जिकडे बघाल तिकडे. हे लगेच पँट दुमडून धारेखाली निघाले. गाईडने दंड धरून मागे ओढलं. म्हणाला, इथे ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की पाणी एकदम वाढतं, दगडही येतात. पोरगा तिथलाच, महादेव कोळ्यांचा. आधी चाकणला कंत्राटावर मशीन चालवायचा. आता पावसाळ्यात जंगल दाखवतो आणि उन्हाळ्यात घरचा हिरडा उतरवतो. फळात बी धरायच्या आत काढून वाळवतात, तो बाळहिरडा. काळा, सुरकुतलेला. मी एक चावला, तर जीभ टाळूला चिकटली हो!"

"शेकरू दिसलं का?"

"दिसलं की! खार म्हणायची, पण शेपटीसकट हातभराहून लांब, तांबूस. जमिनीवर फारसं उतरतच नाही, फांदीवरून फांदीवर उड्या. एकेक उडी वीस फुटांपर्यंत जाते म्हणे. एकच शेकरू दोन-चार घरटी बांधून ठेवतं. आपल्याकडे एका फ्लॅटचे हप्ते फिटत नाहीत! भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं, ते मुख्यतः त्याच्याचसाठी."

"कोपऱ्यावरच्या काकू आल्या होत्या?"

"त्यांच्याशिवाय बस हलते का? पोहोचल्या पोहोचल्या गाईडला विचारतात, 'अरे, तुमचा आदिवासी नाच कधी?' तो म्हणाला, 'काकू, भातलावणी चाललीय, आत्ता कोणाला वेळ?' बायका खरंच गुडघाभर चिखलात वाकलेल्या. मला तर बाई लाज वाटली. मग त्यानेच वाघबारस सांगितली. आपण वसुबारसेला गाय-वासरू पुजतो ना, त्याच दिवशी ते वाघोबाला पुजतात. गुराखी पोरं रानात खीर शिजवतात, एक जण वाघ होतो, बाकीचे त्याला पळवतात. वर्षभर गुरं त्याच्याच रानात चरायची, मग त्याचा मान नको?"

"बरोबर आहे की."

"आणि आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या केंगले ठाऊक आहे? १८७३ पासून तो आणि त्याची माणसं लुबाडणाऱ्या सावकारांची नाकं कापत हिंडायचे. १८७६ मध्ये इंग्रजांनी पकडलं. गाईडकडून हे ऐकताना आमच्या लेनमधले पतपेढीवाले भाऊ नाकाला हात लावून बसले होते!"

"काय सांगता! जेवण?"

"गाईडच्याच घरी. नाचणीची भाकरी, भारंगीची भाजी, वरण-भात. भारंगी कडवट, पण मी दोनदा घेतली. आता वाघबारसेला पुन्हा जायचं चाललंय. येता?"

"येते की. वर्गणी किती?"

"ठरायचीय. पण गाईडचे पैसे आधीच वेगळे काढायचे, हे मी बजावलंय. राजगुरुनगरला आइस्क्रीमवर मुकाट्याने उडवले हो सगळ्यांनी, आणि दिवसभर पुढे चालून वाट दाखवणाऱ्याशी पन्नास रुपयांवरून घासाघीस!"