उंटावरून मेंढ्या

'बॅकग्राउंड काय?' हा आपला लाडका प्रश्न. स्थळ बघताना विचारतो, भाडेकरू ठेवताना विचारतो. कॉलेज, कंपनी, पॅकेज कळलं की समाधान. माणूस कळायचा राहिला तर राहिला.

आता हे बॅकग्राउंड बघा. जेफ मिंटर. जन्म 1962, इंग्लंडमधलं रेडिंग. धंदा: व्हिडिओ गेम लिहिणं. मुक्काम: वेल्समधलं एक शेत. सोबतीला मेंढ्या आणि लामा.

मुलीचे वडील इथेच उठले.

शाळकरी वयात कमोडोर पेट नावाचा संगणक हाताला लागला आणि हा त्याला चिकटला. 1982 साली कंपनी काढली, लामासॉफ्ट. लामा म्हणजे दलाई नव्हेत. मान ताठ ठेवणारा आणि डोकं फिरलं की थुंकणारा दक्षिण अमेरिकेतला प्राणी. कंपनीचं नाव असं प्रामाणिक हवं.

याचं टोपणनाव याक. आर्केडमध्ये हायस्कोर केला की नावासाठी तीनच इंग्रजी अक्षरं मिळायची, म्हणून. याक म्हणजे केसाळ, विस्कटलेलं जनावर. साहेबांचा फोटो बघा, नाव का शोभतं ते दिसेल.

1983 सालचा याचा गेम: 'अटॅक ऑफ द म्यूटंट कॅमल्स'. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'वरच्या गेममध्ये चार पायांची अजस्र लढाऊ यंत्रं चालून यायची. यानं यंत्रं काढली, उंट घातले. तुम्ही उंटांवर गोळ्या झाडायच्या. पुढच्या भागात उंट तुम्हीच!

आपल्याकडच्यांना बाजू बदलायला निदान निवडणूक तरी लागते.

त्याच वर्षीचा 'होव्हर बोव्हर'. शेजाऱ्याचं लॉनमोअर 'उसनं' आणायचं आणि तो पाठलाग करत असताना आपलं गवत कापून घ्यायचं. शेजाऱ्याची शिडी चार वर्षं घरात असलेल्या वाचकांनी हा परिच्छेद सोडावा.

म्हणजे नुसता विक्षिप्तपणाच?

थांबा. 'ग्रिडरनर' यानं एका आठवड्यात लिहिला. मशीन व्हिक-20, मूळ मेमरी 5 केबी. आज सकाळी काकांनी पाठवलेला गुड मॉर्निंगचा गुलाब त्याहून कितीतरी जड होता. आणि त्यात खेळण्यासारखं काहीच नव्हतं.

1994 साली अटारीच्या जॅग्वार या मशीनसाठी यानं 'टेम्पेस्ट 2000' केला. नुसते रंग, उजेड आणि वेग. जॅग्वार बाजारात आपटलं, गेमचं नाव आजही निघतं. मशीनवाल्यांनी जाहिरात कशाची केली होती, आठवतंय कुणाला?

पुढे 2014 साली त्याच वळणाचा 'टीएक्सके' काढला. अटारीच्या वकिलांचं पत्र आलं: हा आमच्या 'टेम्पेस्ट'सारखा आहे, बाकी मशीनवर आणायचा नाही. असणारच सारखा. 'टेम्पेस्ट 2000' लिहिणारा हाच की! मग 2018 साली 'टेम्पेस्ट 4000' आला. नाव अटारीचं, गेम मिंटरचा.

आधी नोटीस, मग ऑर्डर. कंपनी कुठलीही असो, अक्कल उशिराच्या गाडीनं येते.

2023 साली दोघांचा आणखी एक गेम आला, 'अक्का आर्ह'. अक्का आपली नव्हे.

मधल्या काळात, नव्वदच्या दशकात, हा कॅलिफोर्नियातही कामाला होता. परत आला. आपल्याकडे कॅलिफोर्नियाहून परतलेल्याला पहिल्या चहालाच विचारतात, 'काढलं का?' मेंढ्या असलं काही विचारत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

'चौकटीबाहेरचा विचार करा' असं भिंतीवर रंगवणाऱ्या कंपनीत जाऊन बघा एकदा. छंदाच्या रकान्यात 'वाचन, प्रवास' लिहिलं तर पुढची फेरी. 'लामा' लिहिलं तर? एचआरच्या बाई गोड हसून सांगतील, 'कळवतो.'

मिंटरला कुणी कळवायची वाट बघावी लागली नाही. 2024 मध्ये त्याच्या आयुष्यावर एक अख्खा खेळता येणारा माहितीपटच निघाला. आत 42 गेम. उंट आहेत, मेंढ्या आहेत, लामा तर आहेतच.

उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब आपल्याला रोज भेटतात. याचे उंट पडद्यावर, आणि मेंढ्यांना चारा घालायला हा स्वतः चिखलात. मीटिंग नाही, स्लाइड नाही. गम बूट तेवढे लागतात.