सर्व्होकाका

सोसायटी जरा मोठी असली की तिच्यात एक सर्व्होकाका निघतातच. निवृत्ती कुठल्याशा कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यातून झालेली. रिमोटची गाडी घेतलेली नातवासाठी. आणि नातवाला तिला हात लावायची मुभा फक्त दसऱ्याला, हार घालताना.

रविवारी पार्किंगमध्ये कोणाची गाडी वळेनाशी झाली की काका तिसऱ्या मजल्यावरून चपला न घालताच खाली येतात. "काका, चाकं वळवणारा सर्व्हो गेला," असं त्यांच्यापुढे म्हणायची सोय नाही. "गेला म्हणजे? कण्हतो का? थरथरतो? हात लावून बघ, तापलाय?" थरथरत असेल तर आतलं पोटेन्शिओमीटर झिजलंय, एकाच जागी कुरकुरून अडत असेल तर गिअरचा दात तुटलाय, आणि तापून नुसताच गुणगुणत असेल तर बिचारा चाकात गुंतलेल्या सुतळीशी झुंजतोय. आधी लिंकेज काढा, सर्व्हो मोकळा फिरवा. नीट फिरला तर दोष पुढच्या चाकांत शोधा, हा त्यांचा पहिला नियम. तो अगदी बरोबर आहे, हीच तर अडचण आहे.

सर्व्हो साफ गप्प असला की काकांना खरा हुरूप चढतो. रिसीव्हरवरचे स्टिअरिंगचे आणि मोटरचे प्लग ते एकमेकांच्या जागी लावतात. ट्रिगर ओढल्यावर चाकं वळली, तर सर्व्हो जिवंत. नाही वळली. तेवढ्यात कोणी तरी पोरगं रिमोटचं स्टिअरिंग गोल फिरवतं आणि गाडी सुसाट सुटून चेअरमनसाहेबांच्या स्कूटरवर आदळते. सगळे स्कूटरकडे धावतात. काका एकटे जागेवर उभे, चेहरा उजळलेला: "बघा, चॅनल ठणठणीत! सर्व्होच मेलाय!"

म्हणजे जे मालक पहिल्या मिनिटाला म्हणाला होता, तेच.

पण ऐकतो कोण? छोट्या गाडीतला नऊ ग्रॅमचा निळा सर्व्हो शे-दीडशे रुपयांत नवा मिळतो. तरी काका जुना उघडतात, तापकीर गल्लीत गिअर शोधायला रिक्षाला त्याहून जास्त पैसे घालतात, आणि बंगलोरहून आलेल्या जावयाला ऐकवतात की रिसीव्हर दर 20 मिलिसेकंदांनी एक ठोका पाठवतो; ठोका 1.5 मिलिसेकंदांचा असला की चाकं सरळ, कमी-जास्त झाला की डावी-उजवीकडे. जावई मान डोलावतो. काकू आतून विचारतात, "जेवायचंय की तेही ठोक्यावर?"

गाडी एकदाची चालू लागली की काकांचा तिच्यातला रस संपतो. धावणारी गाडी त्यांच्या लेखी वाया गेलेली.

तुमच्याकडेही असे काका असतील, तर गाडी खुशाल त्यांच्या हवाली करा. निदान चुकायचं नाही. फक्त स्क्रू आधी मोजून ठेवा.