तळघरातले चिरंजीव

स्टुटगार्ट, फेब्रुवारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर रोज बोलतो, तरी पत्र लिहितेय, कारण फोन लागला की समीर शेजारी येऊन उभा राहतो आणि त्याच्याबद्दलचं काही त्याच्यादेखत सांगता येत नाही. तर बातमी अशी, की तुमचे चिरंजीव सुतारकामाला लागले आहेत.

सुरुवात नाइलाजाने झाली, एवढं त्याच्या बाजूने सांगते. इथे भाड्याने घर घेतलं की स्वयंपाकघर म्हणून बहुतेक वेळा नुसती खोली मिळते. ओटा, सिंक, कपाटं सगळं आधीचे भाडेकरू उचकटून बरोबर नेतात. आमच्या आधीच्यांनी दिवेसुद्धा नेले होते. आई, तुम्ही म्हणाल, मग सुतार बोलवायचा. विचारलं होतं. तो तासावर पैसे घेणार, घरी येण्याजाण्याचे निराळे, आणि तारीख थेट दिवाळीनंतरची. आपल्या सांगलीचा सुतार गॅलरीत भुसा पसरून बसतो, तीन वेळा चहा घेतो आणि संध्याकाळी “वहिनी, अजून एक प्लाय लागंल” म्हणतो. पण येतो तरी!

कपाटं समीरने सुटे भाग आणून जोडली. ते जमणारच होतं, कारण इथल्या कपाटांच्या बाजूंना ठरलेल्या मापाची भोकं असतात: ५ मिलिमीटरची, एकापासून दुसरं बरोबर ३२ मिलिमीटरवर. गिअरबॉक्सची ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? मग कपाटं भिंतीवर टांगताना त्याला गुरू भेटले. ड्रिलच्या भोकात आपण ती प्लॅस्टिकची गिट्टी ठोकतो ना, स्क्रू घट्ट बसावा म्हणून, ती १९५८ साली आर्टूर फिशर नावाच्या गृहस्थांनी काढली, आणि त्यांचं तुमलिंगन गाव आमच्याच राज्यात, ब्लॅक फॉरेस्टमध्ये आहे. त्यांच्या नावावर अकराशेच्या वर पेटंटं आहेत. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट चहाच्या आधी ऐकावी लागते. बाबांनी भिंतीत ठोकलेल्या लाकडाच्या गुल्ल्या अजून जागच्या हललेल्या नाहीत, हे मी मध्येच सांगते. ते त्याला फारसं आवडत नाही.

इथवर ठीक होतं. पण ड्रिल हातात आलं आणि रविवार आडवा आला. इथे रविवारी आवाज करायचा नाही. खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही. आमच्या इमारतीत तर रोज दुपारी एक ते तीनही शांतता पाळतात. नोकरदाराला सवड रविवारीच, म्हणून साहेबांनी तळघरात बस्तान मांडलं आणि आवाज न करणारी हत्यारं घ्यायला सुरुवात केली. हातकरवत, रंधा, पटाशी. करवती दोन आहेत, एक आपल्यासारखी पुढे ढकलताना कापणारी आणि एक जपानी, ओढताना कापणारी. दोन्ही का लागतात, ते मी विचारलं. उत्तर तासभर चाललं होतं. मग त्याने संध्याकाळच्या शाळेत सुतारकामाचा वर्ग लावला. पहिल्या संध्याकाळी बाईंनी फक्त पटाशीला धार लावायला शिकवली. धार लागली की नाही, हे हातावरचे केस कापून बघतात म्हणे. बाबा, त्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत आहे.

आता पाटाबद्दल. गणपतीसाठी त्याने बीचच्या लाकडाचा पाट केला. दिसायला देखणा. वर काचकागद मारून असा गुळगुळीत केलेला, की मूर्तीच घसरायची. खालच्या दोन आडव्या पट्ट्या त्याने स्क्रू मारून, वर सरस लावून, पक्क्या केल्या. “शंभर वर्षं हलणार नाही,” म्हणाला. जानेवारीत एका रात्री ‘टाण्’ असा आवाज झाला. आम्हाला वाटलं, हीटर फुटला. पाहतो तर पाट मधोमध उभा तडकलेला.

ड्रॉइंग तपासून झालं, मापं तपासून झाली, चूक सापडेना. ती सापडली एका पाहुण्यामुळे. जर्मनीत शिकून तयार झालेले काही तरुण कारागीर अजूनही तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरतात. काळे कॉर्डुरॉयचे कपडे, खाली घेरदार विजार, डोक्याला हॅट, हातात वाकडीतिकडी काठी. जाकिटाला आठ बटणं, दिवसाच्या आठ तास कामाची. असा एक सुतार समीरला स्टेशनवर भेटला आणि तो त्याला थेट जेवायलाच घेऊन आला. बिचाऱ्याने पिठलं-भात तीनदा घेतला. हात धुतल्यावर आमच्या कपाटाचं दार उघडलं, मिटलं, काही न बोलता बिजागरीचा एक स्क्रू पिळला. तेव्हापासून दार कुरकुरत नाही.

पाट त्याने नुसता उलटा केला आणि हसला. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. थंडीत हीटरने हवा कोरडी होते, फळी आक्रसते, आणि आडव्या पट्ट्या तिला आक्रसू देत नाहीत. मग ती फाटते. बीच त्यात फार चंचल, आपलं सागवान त्या मानाने शांत. पट्टीला सरस लावायचा नाही आणि स्क्रूची भोकं जरा लांबट ठेवायची, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. समीर दोन दिवस गप्प होता. लोखंड असं वागत नाही, एवढंच म्हणाला.

त्या मुलाबरोबर आपणही फिरावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण त्यासाठी वय तिशीच्या आत लागतं, लग्न झालेलं चालत नाही, आणि डोक्यावर कर्ज नको. पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते धरून तिन्ही विषयांत नापास. आई, त्या मुलांना त्या तीन वर्षांत स्वतःच्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकायलाही बंदी असते. तुम्ही समीर येत नाही म्हणून रागावता, तेव्हा त्यांच्या आया आठवा.

बाबा, मे महिन्यात येताना माळ्यावरच्या पेटीतला आजोबांचा लाकडी रंधा घेऊन या. पातं काढून वेगळं गुंडाळा आणि दोन्ही चेक-इनच्या बॅगेत घाला. धार लावून आणू नका. इथे त्यासाठी निरनिराळे दगड आणलेले आहेत, त्यांच्या किमती मी आईंना समक्ष सांगेन.

आई, तुमच्या दोघांसाठी ओकचा पलंग करायला घेतलाय. आत्तापर्यंत पाय तयार झालेत. काळजी करू नका, मी विकतचा पलंग मागवून खालच्या मजल्यावरच्या आजींकडे ठेवला आहे. तळघरातली खरखर थांबेल या आशेने त्यांनी आनंदाने जागा दिली. समीरला यातलं काही बोलू नका.

तुमची,
गौरी