काळ्या कागदातली पुडी

आमच्या आणि आक्काच्या घरांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे. तिच्यावर आक्काची वाळवणं, माझी बादली आणि दोघींची कोपरं कायम असतात. मध्यंतरी एका सकाळी आक्कानं भिंतीवर चहाची कपबशी ठेवली आणि म्हणाली, "बाई, माझं नख पास झालं."

"पास म्हणजे?"

"बुरशी निघाली की!"

आनंद असा की जणू नातवाला नोकरी लागली. तसं कारणही होतं. तीन वर्षं आक्काच्या उजव्या पायाचा अंगठा अख्ख्या आळीचा विषय होता. नख आधी टोकाला पिवळं पडलं, मग जाड झालं, मग खडूसारखं भुसभुशीत. हळद झाली, तुरटीचं पाणी झालं, मेंदीही झाली. औषधाच्या दुकानातून तीन ट्यूबा आल्या. त्यातल्या एकीनं बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या चार दिवस दबल्या आणि ट्यूब संपताच दुपटीनं वर आल्या; तिच्यात स्टेरॉइड होतं, हे फार उशिरा कळलं. आक्काला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गोरोबाकाकाच्या गावात ऱ्हायचं अन् पायाला चिखल लागू नये म्हनायचं व्हय?"

शेवटी लेक तिला सोलापूरला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या लगेच देत नाही, आधी नख तपासू. आक्काला ते पटेना. डोळ्याला दिसतंय, मग तपासायचं काय? तेव्हा बाईंनी सांगितलं की अशी बिघडलेली नखं दहा आली तर त्यातली जेमतेम निम्मी बुरशीची निघतात. बाकीची सोरायसिसची, नाहीतर आखूड चपलेची, नाहीतर जुन्या ठेचेची. आणि बुरशीच्या गोळ्या म्हणजे पायाच्या नखाला रोज एक, तीन महिने, शिवाय लिव्हरसाठी रक्त तपासायचं. बुरशीच नसेल तर एवढं सोसायचं कशाला?

"आपल्या काकानं थापटणं मारून संतांची डोकी पारखली, कच्चं मडकं कोन अन् पक्कं कोन," आक्का म्हणाली. "नख मातुर वाजवून कळत न्हाई."

पहिली खेप वाया गेली, आणि तीही आक्काच्या टापटिपीमुळे. परक्याच्या हातात पाय द्यायचा म्हणून हिनं आदल्या रात्री नख मुळापर्यंत कापलं, घासूनपुसून वर ट्यूब चोळली. रिपोर्ट कोरा आला. पण डॉक्टरीणबाई त्या कागदावर विसंबल्या नाहीत. सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं या तपासणीत होत नाही म्हणे. तीन आठवडे ट्यूब बंद, नख कापायचं नाही, मग परत या.

दुसऱ्या खेपेची हकिगत आक्कानं मला दोनदा सांगितली. लॅबमधल्या पोरानं अंगठा स्पिरिटनं पुसला. सुटलेलं टोक कापून टाकलं, आणि मग बारीक पात्यानं नखाच्या खालून, आत जिथं खराब भाग संपून चांगलं नख लागतं तिथून, पिठासारखा भुगा खरवडला. जिवंत बुरशी तिथंच असते; टोकाला नुसता तिचा कचरा. भुगा काळ्या कागदावर घेतला, पांढरं नीट दिसावं म्हणून, आणि अंगाऱ्यासारखी पुडी बांधली. डबीत दमट राहिला तर भलतेच जंतू माजतात.

"सासूबाई असत्या तर मला घराभाईर काढली असती," आक्का म्हणाली. "नखं अन् केस कुनाच्या हाती लागू द्यायची न्हाईत, भानामती करत्यात! अन् मी पैशे देऊन पुडी बांधून दिली."

पुढचं लेकीनं त्या पोराकडून काढून घेतलेलं. भुगा काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब सोडतात. त्वचेच्या खपलीला दहा टक्क्यांचं द्रावण चालतं, नखाला वीस ते चाळीस टक्क्यांचं लागतं, आणि कधी रात्रभर ठेवावं लागतं. नख विरघळतं, बुरशीचे धागे तेवढे टिकतात. आक्कानं हट्टानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "भिताडाला मुळ्या फुटाव्यात तसल्या, फांद्या फुटलेल्या. माझ्याच अंगठ्यात, बाई!"

धागे दिसले की बुरशी आहे एवढं ठरतं. कोणती, ते कल्चरमध्ये. उरलेला भुगा खरवसासारख्या गोठलेल्या खाद्यावर पेरतात. त्याला साबुरो अगार म्हणतात, एका फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून. चार आठवडे वाट पाहायची. आक्काच्या नळीत वर कापसासारखं पांढरं आणि खालून लालभडक उगवलं. नाव ट्रायकोफायटॉन रुब्रम. पायाच्या नखात जगभर सर्वात जास्त हीच सापडते. आक्काला फक्त रुब्रम लक्षात राहिलं, रखुमाईच्या जवळचं म्हणून.

कल्चरही पुष्कळदा रिकामं येतं. संशय उरलाच तर नखाचा तुकडा रंगवून पाहतात, मोठ्या शहरात पीसीआरही होतं. पण पुडी नीट बांधली असेल तर बरंचसं काम काचेवरच उरकतं, असं माझं मत.

आता गोळ्या सुरू आहेत, लिव्हरचा रिपोर्ट चांगला आहे. नख मुळाशी थोडंसं स्वच्छ दिसतंय. अख्खं यायला वर्ष-दीड वर्ष लागेल. आक्का रोज भिंतीवर पाय टेकवून मला दाखवते आणि मी रोज बघते.

तुमच्याही घरी असं नख असेल तर तपासणीला जाताना ते कापून, घासून जाऊ नका. नेलपॉलिश मात्र काढून जा.