स्वस्तात सिस्टर

निवृत्त माणसाला घरानं एखादं खातं नेमून द्यावं लागतं, नाहीतर तो दिवसभर सगळ्यांना सल्ले देत हिंडतो. मला आमच्या घराण्यानं 'स्वस्त' हे खातं दिलं. मंगल कार्यालय स्वस्तात, आचारी स्वस्तात, अस्थिविसर्जनाला जायची जीपसुद्धा स्वस्तात. त्यामुळे विट्याच्या ताईची पोर, आमची अश्विनी, बारावी सायन्सची परीक्षा देऊन 'मला नर्स व्हायचंय' म्हणाली, तेव्हा ताईचा फोन मलाच आला. "तुझ्या भाचीला कुठंतरी चांगल्या ठिकाणी चिकटव बाबा. आमची ऐपत तुला ठाऊकच आहे." यातलं पहिलं वाक्य माझ्या कानावर पडलं असणार. दुसरं मी वहीत उतरवून घेतलं.

वहीत रकाने आखले. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. निकाल उघड होता. दोन वर्षांचा कोर्स, दोन वर्षांचीच फी आणि दोनच वर्षांचा मेसचा डबा. मी अश्विनीला फोन करून अभिनंदनच केलं.

"मामा, एएनएम म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टर," ती म्हणाली. "लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी. काम चांगलंच आहे. पण मला आयसीयूत जायचंय. त्याला आरएन-आरएम लागतं, ते जीएनएम नाहीतर बीएस्सी केल्यावर मिळतं."

"आरएन म्हणजे?"

"रजिस्टर्ड नर्स."

"मग एएनएमचं रजिस्ट्रेशन होत नाही?"

"होतं, पण त्यांचं रजिस्टर वेगळं."

हा तपशिलाचा प्रश्न आहे, असं समजून मी पुढच्या रकान्याकडे वळलो. वाचकांनी इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. माझी उभी हयात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्तांची नोंदणी करण्यात गेली आहे. १९०८ चा नोंदणी कायदा मला झोपेत विचारा. कोणता दस्त सक्तीनं नोंदवायचा हे कलम १७ सांगतं, आणि न नोंदवल्यास त्याचं काय होतं हे कलम ४९. 'नोंदणी नाही तर कागद चुलीत घाला' हे मी पक्षकारांना इतक्यांदा ऐकवलं आहे, की कार्यालयातले शिपाईसुद्धा माझी नक्कल करायचे.

असो. जीएनएम करून पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, असं कळल्यावर मी तो मार्ग हप्त्यांची सोय म्हणून पसंत केला. तीन अधिक दोन पाच होतात आणि पाच हे चारापेक्षा जास्त असतात, हे बायकोनं भाजी निवडता निवडता सांगितलं. मी वही मिटली. तेवढ्यात वर्तमानपत्रातून एक गुलाबी पत्रक खाली पडलं. 'एका वर्षात नर्स बना. नोकरीची शंभर टक्के हमी.' वर्ष एक म्हटल्यावर बेरजेचा प्रश्नच मिटला. अश्विनीला बोलावून घेतलं आणि निघालो.

संस्था मोबाईलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होती. खोल्या दोन. एकीत टाय घातलेले सर, दुसरीत 'प्रात्यक्षिक कक्ष'. कक्षात लोखंडी खाट आणि खाटेवर रबरी पुतळा. पुतळ्याचा उजवा हात खांद्यातून निखळून उशीशी ठेवला होता. डाव्या हातावर निळ्या स्केचपेननं शिरा काढलेल्या होत्या, आणि कोपरापाशी सुया टोचून टोचून इतकी भोकं पडली होती की आतला काथ्या दिसत होता. अश्विनी त्या कोपराकडे बराच वेळ बघत राहिली. बीएस्सीच्या कॉलेजकडे नर्सिंग कौन्सिल स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय मागते, हे मला पुढं कळलं. इथं खाट एक होती आणि तीही भरलेली.

मी मात्र रंगात आलो होतो. सरांनी पंचेचाळीस हजार सांगितले, मी वीसवर बसलो. अश्विनी मध्येच काही विचारायला लागली, तिला मी हातानंच थांबवलं. सौदा चालू असताना गिऱ्हाइकानं चौकशा करू नयेत, भाव चढतो. बत्तीस हजारांवर तोडलं आणि वर एप्रन फुकट मिळवला. तेव्हा कुठं तिला बोलायची संधी मिळाली.

"सर, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं का?"

"म्हणजे काय! आपण रजिस्टर्डच आहोत," म्हणत सरांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. मी चष्मा पुसून पाहिलं. नोंदणी क्रमांक, तारीख, सही, गोल शिक्का, सगळं जागच्या जागी. शिक्का दिसला की माझी शंका आपोआप मिटते, हा नोकरीतला जुना आजार. मी पाच हजार रुपये ॲडव्हान्स मोजले.

परतीच्या एसटीत अश्विनीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मान्यताप्राप्त संस्थांची यादी होती. सरांची संस्था त्यात नव्हती. "मामा, भिंतीवरचा कागद धर्मादाय आयुक्तांकडचा होता. ट्रस्ट रजिस्टर्ड आहे. तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीला कौन्सिल उभंही करणार नाही. मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून कुणी घेणार नाही आणि सरकारी भरतीत अर्जसुद्धा चालणार नाही." थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "मामा, ते तुमचं कलम कुठलं हो? चुलीत घालायचं?"

पैसे परत मागायला गेलो, तर पावतीवर 'ऐच्छिक देणगी' असं छापलेलं. "निदान आयकरात तरी वजा होतील का?" बायकोनं विचारलं. ट्रस्टकडे ८०जी नव्हतं.

यानंतर शहाण्या माणसानं राजीनामा दिला असता. मी फुकटाच्या मागे लागलो. लष्कराच्या नर्सिंग कॉलेजांत चार वर्षांचं बीएस्सी फुकट असतं, आपल्याकडे पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी. राहणं, खाणं, शिक्षण सरकारचं, बदल्यात पुढं सैन्यात नोकरी करण्याचा बाँड. कॉलेजचं नावही भाचीचंच निघालं, हा मी शुभशकुन मानला. ताईला फोन लावला, "एक पैसा लागणार नाही!" पलीकडे शांतता. मग ताई म्हणाली, "अरे, त्याला नीटचे मार्क लागतात. नीटचा फॉर्म भरायच्या वेळी तूच म्हणाला होतास ना, डॉक्टर व्हायचं नाही तर सतराशे रुपये कशाला घालवायचे?"

म्हणालो होतो. वहीत त्या महिन्याच्या पानावर 'बचत – १७००' अशी नोंदही आहे, लाल शाईत. नीट दिली म्हणून जागा मिळालीच असती असं नव्हे. सगळ्या देशात जागा जेमतेम दोनशेवीस, वर लेखी चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. पण आमची पोर त्या दारापर्यंतसुद्धा गेली नाही, ती माझ्या काटकसरीमुळे.

शेवटचा पराक्रम एका खासगी कॉलेजातला. तिथले क्लार्क म्हणाले, "सीईटी, कॅप राउंड, कशाला ती कटकट? मॅनेजमेंटमधून घ्या, आजच सीट पक्की." मी पुन्हा कंबर कसली आणि वर्षाच्या फीत चांगले वीस हजार कमी करून घेतले. अश्विनीनं घरी येऊन शुल्क नियामक प्राधिकरणाचा तक्ता उघडला. त्या कॉलेजला मंजूर झालेली फी माझ्या घासाघिशीनंतरच्या आकड्यापेक्षाही कमी होती. आणि दुसरं म्हणजे, जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की माफी गेली. म्हणजे मी वीस हजार वाचवून चार वर्षांची पूर्ण फी भरायला निघालो होतो.

"पण कॅपला सीईटी लागते ना? तीही राहिली असेल," मी खचून म्हणालो.

"दिली की," अश्विनी म्हणाली. "फॉर्मचे पैसे आईनं दिले. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

पुढचं सगळं मायलेकींनी केलं. पसंतीक्रम भरताना जे. जे. हॉस्पिटलच्या आवारातलं सरकारी कॉलेज वर, बाकीची सरकारी त्याखाली, खासगी अगदी तळाला. माझ्याकडे उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि नॉन-क्रीमीलेअर एवढंच काम आलं. सेतू केंद्राच्या रांगेत मी तासन्‌तास उभा राहिलो. या प्रकरणात मी केलेलं उपयोगी काम तेवढंच, आणि त्यातही घासाघिशीला वाव नव्हता. दुसऱ्या राउंडला तिला सरकारी कॉलेज मिळालं. जे. जे. नव्हे, पण होस्टेल आवारातच. फुकटचा एप्रन तिनं नेला नाही, तो घालून बायको लोणचं भरते.

तुमच्या घरात कुणी नर्सिंगचं नाव काढलं, तर फीचा आकडा विचारण्याआधी संस्थेचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि इंडियन नर्सिंग कौन्सिल या दोघांच्या यादीत शोधा. यादी चालू वर्षाचीच बघा, मान्यता दर वर्षी तपासली जाते. आणि भिंतीवर फ्रेम असेल तर शिक्क्याच्या वरची ओळ वाचा.