मामांचे चार लाख आणि तुमचा फुकटचा सल्ला

साहेब,

तुमच्या कार्डावर ‘आर्थिक सल्लागार’ असं छापलंय आणि मामांच्या पॉलिसीच्या कागदावर तुमच्या नावापुढे ‘एजंट’ असं लिहिलंय. दोन्ही कागद समोर ठेवूनच हे पत्र लिहितोय आणि ते आमच्या लोणी गावातल्या प्रत्येक निवृत्त माणसाने वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मामा एसटीत कंडक्टर होते, ५८व्या वर्षी निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून हाती एकोणीस लाख आले. पेन्शन ईपीएस-९५ची, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्या आत. पैसे जमा झाल्याचा वास तुम्हाला कुठून लागला कोण जाणे, त्याच आठवड्यात तुमची मोटारसायकल अंगणात उभी होती. “एकदाच चार लाख भरा, एफडीच समजा, दहा वर्षांनी दुप्पट,” असं तुम्ही म्हणालात. मामीने चहा केला, मामांनी सह्या केल्या. वर्ष सरलं आणि दुसऱ्या चार लाखांची नोटीस आली. हप्ता दहा वर्षं भरायचा आहे, साहेब! मामांनी सात वर्षं पेन्शनला हात न लावता ती साठवली, तरी एक हप्ता भरत नाही. हे गणित तुम्हाला येत नव्हतं का?

मग मी मामांनी सह्या केलेला पॉलिसीचा फॉर्म नीट वाचला. सगळा मजकूर इंग्रजीत आणि खाली मामांची मराठीतली सही. व्यवसाय शेती, वार्षिक उत्पन्न आठ लाख. डिंभे धरणाच्या पाण्यासाठी आमचा लोणी-धामणीचा पट्टा वर्षानुवर्षं भांडतोय, आणि तुम्ही मामांच्या कोरडवाहू तीन एकरांत आठ लाख पिकवून मोकळे झालात. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत नको म्हणून परत करता येते. तुम्ही ते बाड स्वतःच्या बॅगेत ठेवलंत, दोन महिन्यांनी आणून दिलंत आणि “सांभाळून ठेवा, उघडू नका” असंही बजावलंत.

याहून मोठं नुकसान उरलेल्या पंधरा लाखांचं झालं. मामा ते पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवणार होते. तिथे व्याज ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी हातात ३०,७५० रुपये. साठीच्या आत निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांतच हे खातं उघडता येतं. “पोस्टात काय मिळतंय, थांबा, दुसरी चांगली स्कीम येतेय,” असं म्हणून तुम्ही त्यांना थांबवलंत आणि ती मुदत टळली. आता साठी पुरी होईपर्यंत ते दार बंद. पेन्शन सोडली तर घरात दुसरी आवक नाही. मामी औषधांची चिठ्ठी घेऊन मंचरला जाते आणि निम्मीच औषधं आणते.

तुम्ही सल्ल्याचा एक रुपयाही घेतला नाही, असं मामा अजून कौतुकाने सांगतात. घेतलात, साहेब, पहिल्याच हप्त्यातून, कमिशन म्हणून! फरक इतकाच की मामांना न सांगता. सेबीचा २०१३चा नियम आहे: पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर नोंदणी हवी, आणि त्याच ग्राहकाकडून फीही घ्यायची आणि कमिशनही खायचं, असं चालत नाही. नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, सेबीच्या यादीत तो कुणालाही पडताळता येतो. फीलाही कमाल मर्यादा आहे. ठरावीक फी असेल तर एका कुटुंबाला वर्षाला १,५१,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमीतही काम होतं. विमा विकणाऱ्या एजंटाला हा नियम लागत नाही, आणि त्याच फटीतून तुम्ही सल्लागाराचं कार्ड छापून आत आलात.

आता आम्ही पुण्यातल्या एका नोंदणीकृत सल्लागाराला बारा हजार रुपये फी मोजली. मामांना ते जड गेलं. “नुसतं बोलायचे बारा हजार?” असं त्यांनी दोनदा विचारलं. आमच्याकडे वकिलाला फी देतात, मोजणीला पैसे भरतात, पण जन्मभराच्या कमाईचं काय करायचं हे मात्र फुकट सांगणाऱ्याला विचारतात. तुमचा धंदा यावरच चालतो. त्या सल्लागार बाईंनी काहीच विकलं नाही. दोन तास कागद वाचले, महिन्याचा खर्च मामीला विचारला (तुम्ही मामीला चहाखेरीज काही विचारलंत का?), आणि उरलेले पंधरा लाख कुठे, किती, कुणाच्या नावाने ठेवायचे ते मराठीत लिहून दिलं.

चार लाख परत मिळावेत म्हणून कंपनीकडे लेखी तक्रार गेली आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जाऊ. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आमच्या आळीतल्या आणखी दोन घरांत तुमची अशीच बाडं निघाली आहेत, त्यांचेही अर्ज मी लिहितोय.

कंपनीने पडताळणीचा फोन केला होता म्हणे, आणि “सगळं समजलं, मान्य आहे” असं उत्तरही मिळालं होतं. मामांना तो फोन कधी आलाच नाही. फॉर्मवरचा मोबाईल नंबर त्यांचा नाही. मी तो लावून पाहिला, साहेब, तुम्हीच उचललात.